डोहावरची डरकाळी आणि बगळेसाहेबांचे नियम

एका जंगलात एक संगणक होता.

आता तुम्ही लगेच हात वर कराल, की जंगलात संगणक कुठून आला? मुलांनो, गोष्टीत सिंह बोलतो, ससा बोलतो, तेव्हा तुम्ही मुकाट्याने ऐकता. मग बिचाऱ्या संगणकानेच तुमचं काय घोडं मारलंय? होता म्हणजे होता. मोठ्या वडाच्या ढोलीत जंगलाचं कार्यालय होतं आणि त्या कार्यालयात तो होता.

कार्यालयाचे हेडक्लार्क होते नानासाहेब अस्वल. ते खुर्चीत बसले की कार्यालय उघडलं असं समजायचं. ते घोरायला लागले की कार्यालय रंगात आलं असं समजायचं. प्रत्यक्ष काम करायचा तो दौलू साळिंदर. जंगलात जे काही घडेल ते संगणकात भरून ठेवणं ही त्याची नोकरी. दौलू स्वभावाने फार मऊ होता. पण पाठीवर काटे असल्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दौलूने आयुष्यात एकही फाईल डिलीट केली नव्हती. उद्या कुणी मागितली तर काय घ्या! त्याचंच पाहून बाकीचेही काही डिलीट करत नसत. प्रत्येक जनावराचं संगणकात आपलं एक फोल्डर होतं आणि त्यात ज्याने त्याने वाटेल ते कोंबलं होतं. लांडग्याच्या लग्नाचे फोटो होते. मोराच्या पिसाऱ्याचे होते, ते तर विचारूच नका. कासवाच्या चालण्याचा एक व्हिडिओ होता, तो सुरू होऊन बराच काळ झाला तरी तो फोटोच आहे असं पाहणाऱ्याला वाटे.

आणि फायलींची नावं काय? 'नवीन'. 'नवीन नवीन'. 'अंतिम'. 'अंतिम, खरंच अंतिम'. 'हेच ते'. 'असंच'. 'नंतर बघू'. तुमच्या घरच्या संगणकात असं काही नसणार, हे उघडच आहे.

या सगळ्या पसाऱ्यात एक फाईल मात्र अशी होती, की तिच्यावर अर्ध्या जंगलाचा जीव अवलंबून होता.

झालं होतं असं. पूर्वी एकदा मोठा दुष्काळ पडला. ओढे आटले, झरे आटले, एका डोहात तेवढं पाणी उरलं. हरणं पाण्याला आली की सिंह-वाघ त्यांच्यावर झडप घालत. मग हरणांनी पाण्यावर येणंच सोडलं आणि ती उभ्याउभ्या तहानेने मरायला लागली. तेव्हाचे राजे थोरले सिंहमहाराज. त्यांना ते बघवेना. एके दिवशी ते डोहाकाठच्या मोठ्या दगडावर चढले आणि अशी डरकाळी फोडली, की पलीकडच्या डोंगराने ती परत पाठवली.

"डोहावर शिकार नाही! इथे आधी तहान, मग भूक. माझ्या वंशातला जो कुणी हे मोडेल तो सिंह नव्हे!"

दौलूने ती डरकाळी तिथल्या तिथे रेकॉर्ड केली. थोरले महाराज पुढे वारले, पण रिवाज राहिला. दर उन्हाळ्यात ओढा आटला, की सगळे डोहाकाठी जमत. कर्णा लावून ती डरकाळी वाजवली जाई. गादीवर आता धाकटे महाराज होते. बापाचा आवाज कानावर पडला, की तेही मान खाली घालत. मग वाघाच्या शेजारी हरीण आणि हरणाच्या शेजारी लांडगा, असे सगळे खुशाल पाणी पीत. पाऊस येईपर्यंत डोहावर कुणाच्या केसाला धक्का लागत नसे.

दौलूने त्या फाईलला पहिल्यांदा नाव दिलं होतं 'अतिमहत्त्वाचं'. ही त्याची चूक झाली. कारण जंगलात माकडं होती. अतिमहत्त्वाचं असं लिहिलेलं दिसलं की माकडांचे हात शिवशिवायचे. त्यांनी एकदा भर दुपारी ती फाईल उघडून डरकाळी वाजवली. सशांच्या आळीतले निम्मे ससे बेशुद्ध पडले. एका घुबडाने तर झोपेतच राजीनामा दिला.

तेव्हापासून दौलू शहाणा झाला. त्याने फाईलचं नाव बदलून ठेवलं 'फालतू'. तिची एक प्रत काढली, तिचंही नाव ठेवलं 'फालतू'. फालतू गोष्टीकडे माकडंसुद्धा ढुंकून बघत नाहीत. जंगलातली सगळ्यात मोलाची वस्तू अशी बिनघोर पडून राहिली. दौलू अधूनमधून तिच्याकडे बघून स्वतःवरच खूश होई.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण एकदा धाकट्या महाराजांना आपल्या राज्याभिषेकाचा फोटो बघायची लहर आली.

दौलूने शोधायला घेतलं. 'महाराज' सापडले, 'महाराज नवीन' सापडले, 'महाराज मान सरळ केलेले' सापडले. संगणक गुरगुरत होता, तापत होता. शेवटी एक फोटो उघडला. त्यात महाराज करवंदीच्या जाळीत शेपूट अडकून बसले होते आणि मागे एक खार हसत होती.

 खारीचं पुढे काय झालं ते विचारू नका. पण दुसऱ्याच दिवशी दूरच्या तळ्यावरून एका तज्ज्ञाला बोलावणं गेलं.

त्यांचं नाव शुभ्रकांत बगळे. अंगावर एक डाग नाही. बोलणं हळू, मान तिरकी, आणि एक पाय कायम वर घेतलेला. तो का वर घेतलाय असं कुणी विचारलं तर म्हणत, "एकावर भागत असताना दोन कशाला खराब करायचे?" हे ऐकून नानासाहेब इतके भारावले, की त्या दिवशी ते खुर्चीत अर्धेच बसले.

बगळेसाहेबांनी संगणकाभोवती एक फेरी मारली आणि नाक मुरडलं. "हे हाताने आवरायला बसलात तर तुमची नातवंडंसुद्धा आवरतच बसतील. नियम हवेत. मी नियम लिहून देतो. संगणक ते आपोआप चालवील. घाण काढील, नावं बदलील, सगळं ओळीने लावील. कुणी बोट लावायची गरज नाही."

"आणि चुकलं तर?" दौलूने विचारलं.

"माणसं चुकतात, जनावरं चुकतात," बगळेसाहेब म्हणाले. "नियम कसा चुकेल? तो तर नियम आहे."

वडाखाली सभा भरली. झाडून सगळे आले. बगळेसाहेबांनी खाकरून वाचायला सुरुवात केली.

"नियम पहिला. ज्या फाईलच्या नावात 'फालतू', 'असंच', 'नंतर बघू' असले शब्द असतील, ती फाईल उद्या सकाळी आपोआप नष्ट होईल. कचरापेटीत नव्हे, पार नष्ट."

दौलूच्या पाठीवरचे सगळे काटे एकदम उभे राहिले. शेजारी बसलेलं तरस कळवळून उठलं.

दौलूला पुढचं काही ऐकू आलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे डोह आला आणि डोहावर आलेली हरणं आली. तो तसाच उठला आणि कार्यालयाकडे पळत सुटला. धापा टाकत त्याने संगणक उघडला आणि 'फालतू' खोडून तिथे पहिलंच नाव लिहिलं, 'अतिमहत्त्वाचं'. प्रतीलाही तेच नाव दिलं आणि तिला शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवलं. मग कपाळावरचा घाम पुसून मागे वळून बघतो तो काय, ढोलीच्या दारात रांग लागलेली!

तरस होतं, लांडगा होता, मोर होता, रानडुकरीण पिल्लांसकट होती. प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये काही ना काही 'असंच' आणि 'नंतर बघू' होतं आणि ते आता प्रत्येकाला प्राणापलीकडे वाटायला लागलं होतं. एकेकजण आत यायचा, आपल्या फायलींची नावं बदलायचा आणि निश्चिंत होऊन बाहेर पडायचा. सगळ्यांनी नाव काय दिलं? अतिमहत्त्वाचं. दुसरं कुणाला सुचलंच नाही. सगळ्यात शेवटी माकडं आली. आपल्याला मागे ठेवून सगळे कुठे जातात हे त्यांना कळेना, म्हणून ती आली होती. त्यांनीही आपल्या एका फाईलला तेच नाव देऊन टाकलं.

इकडे वडाखाली बगळेसाहेबांनी डोळे मिटून उरलेले नियम वाचून दाखवले.

"नियम दुसरा. एकाच नावाच्या अनेक फायली कुठल्याही फोल्डरमध्ये असोत, सगळ्यात शेवटी हात लागलेली तेवढी राहील. बाकीच्या नष्ट होतील. नियम तिसरा. जी राहील तिला क्रमांक लागेल. कुणाची काही हरकत?"

समोर एकटं कासव होतं. तेही उठून निघालं होतं, पण अजून सभेतच होतं. त्याने काही हरकत घेतली नाही. नियम एकमताने मंजूर झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू झाला आणि आपोआप कामाला लागला. न्याहारी व्हायच्या आत सगळं संपलं. पडदा कसा लख्ख! मोजक्या फायली, एकाखाली एक, सगळ्यांना क्रमांक. लांडग्याच्या लग्नातला एकच फोटो उरला. त्यात रिकामा मांडव होता आणि एक कावळा अक्षता वेचत होता. लांडगीण दिवसभर रडत होती, पण तो फोटो उघडतो किती झटकन याचं कौतुक तिलाही करावं लागलं. महाराजांचा करवंदीच्या जाळीतला फोटो गेला. राज्याभिषेकाचाही गेला. पण महाराज करवंदीची जाळी गेल्याच्या आनंदातच होते. त्यांनी बगळेसाहेबांना जंगलाचे मुख्य नियमाधिकारी नेमलं.

दौलूने घाबरतघाबरत विचारलं, "साहेब, अतिमहत्त्वाचं नावाची एक फाईल होती..."

"आहे की!" बगळेसाहेबांनी चोचीने पडद्यावर टकटक केलं. "हे बघा. 'अतिमहत्त्वाचं-००१'. अतिमहत्त्वाचं राखलं नाही तर आम्ही तज्ज्ञ कसले?"

दौलूच्या जिवात जीव आला. उघडून खात्री करावी असं त्याला फार वाटलं. पण डरकाळी अवेळी वाजली तर ससे पुन्हा पडतील, या भीतीने त्याने हात आवरला. मऊ स्वभावाचं हे असं असतं.

उन्हाळा तापला. ओढा आटला. एका दुपारी पवळा हरणी वडाखाली आली. तिला नुकतंच पाडस झालं होतं आणि ते तिच्या पायांत लुडबुडत होतं.

"दौलूभाऊ," ती म्हणाली, "याची पहिलीच खेप आहे डोहावर. वाघाच्या शेजारी उभं राहून पाणी प्यायचं म्हणते, तर ऐकत नाही. घाबरतंय. थोरल्या महाराजांचा आवाज ऐकला म्हणजे येईल त्याला धीर. आहे ना सगळं जागेवर?"

"आहे म्हणजे काय! अतिमहत्त्वाचं म्हणून आहे," दौलू म्हणाला. "तू बिनधास्त ये. मी सांगतो ना."

ठरल्या दिवशी सगळं जंगल डोहाकाठी जमलं. ऊन असं, की दगडाला चटका बसावा. धाकटे महाराज बापाच्या दगडावर जाऊन बसले. नव्या मुख्य नियमाधिकाऱ्यांना मानाची जागा दिली होती, महाराजांच्या अगदी लगत, पाण्यात. बगळेसाहेब तिथे एका पायावर उभे होते. कर्णा बांधला होता. सगळ्यांनी माना खाली घातल्या. नानासाहेबांनी पंजा पुसला आणि 'अतिमहत्त्वाचं-००१' सुरू केलं.

कर्ण्यातून आवाज आला.

"घर्रर्रर्र... फुस्स. घर्रर्रर्र... फुस्स."

 झाडावरची माकडं खुसुखुसु हसत होती. ती त्यांनी कधीतरी चोरून रेकॉर्ड केलेली गंमत होती.

"वा!" नानासाहेब डोळे मिटून म्हणाले. "आवाजात काय दम आहे! असा राजा पुन्हा होणे नाही."

"कर्म माझं!" मागून त्यांची बायको ओरडली. "अहो, कसले थोरले महाराज? हे तर तुम्ही घोरताय! रोज ऐकते ना मी!"

"मी घोरत नाही," नानासाहेब दुखावून म्हणाले.

एकच गलका झाला. महाराजांनी पंजा वर केला आणि बगळेसाहेबांकडे वळून विचारलं, "हा काय प्रकार आहे? वडिलांची डरकाळी कुठे आहे?"

बगळेसाहेबांनी क्षणभर मान डावीकडून उजवीकडे केली. नियमाने डरकाळी खाल्ली असं म्हणावं तर नियम चुकतो असं होतं. त्यापेक्षा डरकाळी चुकलेली बरी.

"महाराज," ते म्हणाले, "नियमांनंतर जे राहिलं तेच मुळात होतं. जे राहिलं नाही ते कधी नव्हतंच."

"होतं! होतं!" हरणं ओरडली. पवळा पुढे झाली. "महाराज, आम्हाला तोंडपाठ आहे. 'डोहावर शिकार नाही. इथे आधी तहान, मग भूक.' इथल्या लहान पोरालाही विचारा. तुम्हालाही पाठ असेल!"

महाराजांना पाठ होतं. पण ऊन फार होतं, आणि ते सकाळपासून उपाशी होते.

"पाठ असण्याचं राहू द्या," ते ओठांवरून जीभ फिरवत म्हणाले. "रेकॉर्डला आहे का? काय हो, मुख्य नियमाधिकारी? डोहावर शिकार नाही, असं कुठे काही आहे?"

"कुठेही नाही, महाराज," बगळेसाहेब ताठ उभे राहून म्हणाले.

"नीट बघितलंत? प्रत वगैरे?"

"माझ्या नियमातून प्रत सुटत नसते, महाराज. अशी कुठलीही अट या डोहावर लागू नाही. मी स्वतः खात्री देतो."

महाराज उठले. त्यांनी आळस दिला. हरणांचे पाय जागच्या जागी थिजले. पाडस आईच्या पोटाखाली शिरलं.

तेव्हा दौलू पुढे आला. भीतीने त्याला नीट बोलता येत नव्हतं. पण आपण पवळाला काय सांगितलं होतं हे त्याला आठवत होतं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"महाराज, डरकाळी होती," तो म्हणाला. "माझ्या हातून गेली. पहिला नियम ऐकला आणि सभा सोडून पळालो, तिथेच घात झाला. शिक्षा मला करा." एवढं बोलून तो पवळाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. अंगावरचे सगळे काटे त्याने फुलवले. तो भित्रा आहे हे त्या वेळी एकट्या त्यालाच माहीत होतं.

महाराजांनी दौलूच्या काट्यांकडे बघितलं. असा काटा एकदा त्यांच्या पंजात शिरला होता, ते दुखणं पावसाळाभर पुरलं होतं. मग त्यांनी पलीकडच्या हरणांकडे बघितलं. हरीण म्हटलं की पळणं आलं, आणि पळायचं तर या उन्हात.

मग त्यांनी शेजारी बघितलं.

शेजारी बगळेसाहेब उभे होते. स्वच्छ, पांढरे, आणि एकाच पायावर.

"महाराज!" बगळेसाहेब किंचाळले. "महाराज, हा डोह आहे! डोहावर तर—"

"डोहावर काय?" महाराजांनी विचारलं.

उत्तर द्यायला बगळेसाहेबांना वेळ मिळाला नाही. काम झटकन झालं. मागे काही पसारा राहिला नाही. दोनचार पिसं पाण्यावर तरंगत होती, तीही वाऱ्याने आपोआप काठाला लागली.

महाराज पोटभर पाणी प्याले, त्यांनी ढेकर दिली आणि ते दगडावर आडवे झाले. थोड्या वेळाने त्यांच्या नाकातून आवाज यायला लागला.

"घर्रर्रर्र... फुस्स."

पवळाने कान टवकारले. मग तिने पाडसाला हळूच पुढे ढकललं.

"पी बाळा," ती म्हणाली. "लवकर पी."

त्या जंगलात तो रिवाज अजून चालू आहे. दर उन्हाळ्यात 'अतिमहत्त्वाचं-००१' वाजवलं जातं आणि सगळे माना खाली घालून ऐकतात. नव्या पिढीला थोरले महाराज असेच बोलत असं वाटतं. हरणं पाणी पितात, पण आता दर घोटाला मान वर करून दगडाकडे बघतात. दौलू काठावर काटे फुलवून उभा असतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही, पण तो असतो. मुख्य नियमाधिकाऱ्यांची मानाची जागा अजून महाराजांच्या शेजारीच आहे. ती दरवर्षी रिकामी होते आणि दरवर्षी तिच्यासाठी बगळ्यांची झुंबड उडते.

तात्पर्य : मुलांनो, आपला संगणक नेहमी स्वच्छ ठेवावा. जुनी वचनं जागा अडवतात, ती नियमाने आपोआप जाऊ द्यावीत. मात्र ती गेल्याची खात्री देताना, भुकेल्या राजापासून निदान उडता येईल इतकं लांब उभं राहावं.